मस्कटीनची बटणे: आधी नदी रिकामी झाली की आधी प्लास्टिक आले?

महालकर (प्रश्न)

नमस्कार. माझी भाची गेली तीन वर्षे नोकरीनिमित्त अमेरिकेतील आयोवा राज्यात राहते. मागच्या दिवाळीत ती नागपूरला आली, तेव्हा नेहमीच्या चॉकलेटच्या डब्याऐवजी तिने माझ्यासाठी एक शिंपला आणला. तळहाताएवढा, बाहेरून काळपट तपकिरी, आतून पांढरा आणि तिरपा धरला की किंचित गुलाबी झाक दाखवणारा. त्यात सात गोल भोके आहेत. एका मोठ्या पोळीतून वाटीने पुऱ्या पाडाव्यात आणि मागे जाळी उरावी, तसा तो दिसतो. मिसिसिपी नदीच्या काठी मस्कटीन नावाचे लहान शहर आहे, तिथे एका घराच्या पायाचे खोदकाम चालू असताना असे शिंपले मातीतून ढिगाने निघाले आणि घरमालकाने तो तिला हौसेने दिला.

मला हा शिंपला विशेष वाटण्याचे कारण घरगुती आहे. माझ्या आजोबांचे नागपूरच्या महाल भागात शिवणकामाचे दुकान होते. त्यांच्या लाकडी पेटीत शिंपल्याच्या बटणांची एक पुडी अजून जपून ठेवलेली आहे. शिंप्यांच्या भाषेत १८ नंबरची, म्हणजे सदऱ्याची बटणे. त्यातले एक बटण मी त्या शिंपल्याच्या भोकावर ठेवून पाहिले, तर ते अलगद आरपार खाली पडले. भोक बटणापेक्षा थोडेच मोठे होते.

त्यानंतर जे जुजबी वाचन केले त्यातून एवढे समजले की, मस्कटीन हे एके काळी जगाची बटणांची राजधानी म्हणवून घेत असे आणि आज तिथे शिंपल्याचे बटण तयार होत नाही. याचे कारण दोन ठिकाणी दोन प्रकारे सांगितलेले आढळले. एके ठिकाणी म्हटले आहे की प्लास्टिकने हा धंदा मारला. दुसरीकडे म्हटले आहे की नदीतले शिंपलेच संपले. दोन्ही खरे असेल, परंतु आधी काय घडले आणि कशामुळे घडले, हे जाणकारांनी क्रमाने सांगितले तर बरे होईल. मुख्य धंदा गेल्यावर गावाचे काय होते, हे आम्ही नागपूरची एम्प्रेस मिल ही कापडगिरणी बंद पडल्यावर जवळून पाहिलेले आहे, म्हणून मस्कटीनचे पुढे काय झाले, तेही जाणून घ्यायचे आहे.

जुनी पाने (उत्तर)

महालकर साहेब, आपला प्रश्न चांगला आहे, पण उत्तराला थोडे मागून यावे लागेल, कारण मस्कटीनचा पहिला धंदा बटणांचा नव्हताच.

डेव्हनपोर्ट शहराकडून पश्चिमेला वाहत आलेली मिसिसिपी जिथे पुन्हा दक्षिणेकडे वळते, त्या वळणावर हे गाव वसले. १८३० च्या दशकात तिथे व्यापाराचे ठाणे पडले. गावाचे आधीचे नाव ब्लूमिंग्टन होते. त्याच नावाची इतर गावे असल्यामुळे टपालाचा घोळ होई, म्हणून १८४९ मध्ये ते बदलून मस्कटीन करण्यात आले. त्यानंतरची काही दशके गाव लाकडावर जगले. उत्तरेकडील विस्कॉन्सिन आणि मिनेसोटातील पाइनची जंगले तोडून ओंडक्यांचे प्रचंड तराफे नदीतून खाली सोडले जात आणि मस्कटीनच्या गिरण्यांत त्यांच्या फळ्या निघत. हर्शी आणि मसर या घराण्यांच्या गिरण्या त्यांत मोठ्या होत्या. उत्तरेतील जंगल विरळ होत गेले तसा हा धंदा ओसरू लागला, आणि नेमक्या त्या काळात जॉन बोपल नावाचा एक जर्मन कारागीर गावात आला.

बोपल हा हॅम्बुर्गजवळच्या ओटेन्सेनचा. शिंग आणि शिंपले कातून बटणे बनवणे हा त्याचा शिकलेला धंदा. तो १८८७ मध्ये अमेरिकेत आला. इलिनॉयमधील एका नदीत आंघोळ करताना पायाला काहीतरी कापले, खाली वाकून पाहिले तर नदीचा तळ शिंपल्यांनी भरलेला, अशी हकीकत त्याने स्वतः सांगून ठेवली आहे. परंतु केवळ शिंपले सापडून धंदा उभा राहत नाही. समुद्री शिंपल्यांची बटणे युरोपातून स्वस्तात येत होती आणि त्यांच्यापुढे अमेरिकन मजुरीत बनलेले बटण टिकणे शक्य नव्हते. १८९० मध्ये मॅकिन्ली यांच्या नावाने ओळखला जाणारा आयात कर लागू झाला, त्यात बटणांवरही जबर कर बसला आणि हे गणित एका रात्रीत उलटले. १८९१ मध्ये बोपलने मस्कटीनमध्ये काम सुरू केले. तेव्हा या धंद्याच्या जन्माचे श्रेय द्यायचेच असेल, तर ते निम्मे नदीला आणि निम्मे कर बसवणाऱ्यांना द्यावे लागेल, असे माझे मत आहे.

आता आपल्या हातातल्या शिंपल्याविषयी. तो ज्याने कापला त्याचे काम असे चाले. नदीवर छावण्यांमध्ये शिंपले मोठ्या चुलाण्यांवर वाफवून आतले मांस काढून टाकत. मांसात एखादा मोती सापडतो का, हे बोटांनी चाचपून पाहिले जाई, आणि कधी कधी तो खरोखर सापडेही. रिकामे शिंपले आकाराप्रमाणे निवडून कारखान्यात आणत आणि काही दिवस पिंपात पाण्यात भिजवत ठेवत, कारण कोरडा शिंपला करवतीखाली तडकतो. करवत म्हणजे टोकाला दाते असलेली पोलादी नळी. ती गरगर फिरत असे, तिच्यावर पाण्याची धार सोडलेली असे, आणि कापणारा शिंपला हातात किंवा चिमट्यात धरून तिच्यावर दाबत असे. प्रत्येक दाबाला एक गोल चकती निघे. करवतीच्या दात्यांच्या जाडीएवढा भाग भुकटी होऊन जातो आणि पुढे घासताना कडही थोडी झिजते. म्हणून आपले बटण त्या भोकातून खाली पडले. तसेच १८ नंबरचा अर्थही इथेच सांगून टाकतो: इंचाचे चाळीस भाग कल्पून त्यांतले अठरा, म्हणजे साधारण साडेअकरा मिलिमीटर. हे माप महालात आणि मस्कटीनमध्ये एकच.

चकत्या मग पाठीकडून घासून सारख्या जाडीच्या करत, समोरचा भाग कोरत, भोके पाडत आणि आम्लाच्या पाण्यात घुसळून चकाकी आणत. बॅरी कुटुंबाने कोरणे आणि भोके पाडणे ही दोन्ही कामे एकत्र करणारे यंत्र तयार केले, ते १९०४ च्या सुमारास वापरात आले आणि उत्पादन कुठल्या कुठे गेले. १९०५ मध्ये मस्कटीनमध्ये दीड अब्ज बटणे तयार झाली, म्हणजे जगातल्या बटणांपैकी सुमारे ३७ टक्के, असा आकडा तिथल्या इतिहासात नेहमी दिला जातो. त्या वेळी गावाची वस्ती पंधरा हजारांच्या आसपास होती. म्हणजे तान्ह्या मुलासकट माणशी एक लाख बटणे झाली. बटणे पुठ्ठ्याच्या कार्डांवर टाचण्याचे काम घरोघरी बायका आणि मुले करत. उरलेले जाळीदार शिंपले रस्त्यांच्या आणि जमिनीच्या भरावात जात किंवा कुटून कोंबड्यांच्या खाद्यात मिसळले जात. आपल्या भाचीला जिथून शिंपला मिळाला, ते घर अशाच भरावावर उभे असावे.

वैनगंगा

जुनी पाने यांनी कारखान्याची बाजू नीट मांडली आहे. मी महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवत असे, त्यामुळे नदीच्या बाजूने चार शब्द लिहिते.

शिंपले कसे पकडत, हे पाहिले म्हणजे ते इतक्या लवकर का संपले, ते उमगते. गोड्या पाण्यातला शिंपला तळाच्या वाळूत अर्धा रुतून, तोंड किंचित उघडे ठेवून बसलेला असतो. नावेमागे एक लोखंडी दांडा ओढत, त्याला दोऱ्यांनी चार फाट्यांचे शेकडो आकडे लटकवलेले असत. आकडा उघड्या तोंडात शिरला की शिंपला घाबरून घट्ट मिटतो आणि स्वतःच आकड्याला लटकून वर येतो. आमिष लागत नाही, कौशल्यही फारसे लागत नाही. लहानमोठे सगळेच वर येतात, आणि जे छोटे परत टाकून दिले जातात त्यांतलेही पुष्कळ जखमी होऊन मरतात. बटणाजोगा जाड होण्यासाठी शिंपल्याला अनेक वर्षे लागतात. आकड्याला काही सेकंद.

परिणाम असा झाला की, मस्कटीनच्या आसपासचे साठे पहिल्या दहा-बारा वर्षांतच विरळ झाले. त्यामुळे महालकर यांच्या प्रश्नाचे सरळ उत्तर द्यायचे तर, आधी नदी रिकामी झाली. प्लास्टिकचा जोर झाला तो त्यानंतर जवळजवळ अर्ध्या शतकाने.

सरकारच्या हे लक्षात आले नव्हते, असे नाही. मस्कटीनच्या थोडे वर, फेअरपोर्ट येथे १९०८ मध्ये शिंपल्यांच्या संवर्धनासाठी जीवशास्त्रीय केंद्र मंजूर झाले. लेफेव्हर आणि कर्टिस या प्राध्यापकांनी शिंपल्यांचे जीवनचक्र अभ्यासले होते, ते मोठे चमत्कारिक आहे. शिंपल्याची मादी आपली सूक्ष्म पिल्ले पाण्यात सोडते. ती माशाच्या कल्ल्यांना चिकटतात, तिथे काही आठवडे परजीवी म्हणून राहतात आणि मग तळाशी गळून पडून स्वतंत्र आयुष्य सुरू करतात. मासा नसेल तर पुढची पिढी नाही. त्यातही बऱ्याच जातींचे मासे ठरलेले असतात. फेअरपोर्टचे लोक मासे पकडून, त्यांच्या कल्ल्यांना मुद्दाम ही पिल्ले चिकटवून त्यांना नदीत सोडत असत.

याच सुमारास मस्कटीनच्या खाली, केओकुक येथे १९१३ मध्ये मिसिसिपीवर वीजनिर्मितीचे मोठे धरण पूर्ण झाले. एबनी शेल ही बटणांसाठी अत्यंत चांगली मानली जाणारी जात. तिची पिल्ले स्किपजॅक नावाच्या माशावर वाढतात, आणि हा मासा दरवर्षी खालून प्रवाहाविरुद्ध वर येत असे. धरणाने त्याची वाट अडवली. जे शिंपले वर होते ते पुढे कित्येक वर्षे जिवंत राहिले, कारण ही जात दीर्घायुषी असते, पण नवा जीव जन्मलाच नाही. घरात म्हातारी माणसे आहेत, पण पाळणा हलत नाही, अशी त्या नदीची स्थिती झाली. पुढे जहाजवाहतुकीसाठी धरणांची मालिकाच बांधली गेली. खुद्द मस्कटीनजवळचे सोळा क्रमांकाचे धरण १९३७ चे आहे. वाहत्या, वाळूच्या तळावर संथ पाण्यातला गाळ बसू लागला. त्यात शेतांतून येणारी माती आणि गावांचे सांडपाणी यांची भर पडली. धंदा बंद होऊन इतका काळ लोटला, तरी त्या भागातील हिगिन्स आय नावाची जात १९७६ पासून अमेरिकेच्या संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत आहे.

हिशेबनीस

वैनगंगाताईंचे म्हणणे मला अर्धे पटते. नदी आधी रिकामी झाली हे खरे, परंतु मग कारखाने पुढे पन्नास वर्षे कशावर चालले, हा प्रश्न उरतोच.

ते दुसऱ्या नद्यांवर चालले. जवळचे शिंपले संपल्यावर इलिनॉय, वॉबॅश आणि आर्कान्सातील व्हाइट रिव्हर अशा नद्यांवर कापणीची लहान लहान ठाणी निघाली. तिथेच चकत्या कापायच्या आणि पोत्यांत भरून रेल्वेने मस्कटीनला पाठवायच्या, तिथे घासणे, कोरणे, चकाकी आणणे आणि विकणे, अशी विभागणी झाली. संत्री काटोल-वरूडच्या बागांतली आणि नाव नागपूरचे, हे आपल्याला समजावून सांगायला नको. नदी संपल्यावर मस्कटीनकडे उरली ती यंत्रे, हातांतले कसब आणि बाजारपेठेतले नाव. तेवढ्यावरही एखादे गाव बराच काळ तग धरू शकते.

मात्र या व्यवस्थेचा भार कोणी उचलला, तेही सांगितले पाहिजे. कापणाऱ्याला मजुरी ग्रोसवर मिळे. ग्रोस म्हणजे बारा डझन, हे शाळकरी मुलालाही ठाऊक. परंतु चकत्या खराब निघतात या सबबीखाली कामगाराकडून चौदा डझन घेऊन बारा डझनांचे पैसे देत, ही तिथल्या कामगारांची मोठी तक्रार होती. मोजणी आणि वजन मालकाच्या माणसाच्या हाती. त्यामुळे वाद घालायचा तरी कोणाशी? १९११ च्या फेब्रुवारीत कामगारांनी संघटना बांधल्यावर मालकांनी कारखान्यांना टाळे लावले, दंगली झाल्या, आणि राज्यपालांनी गावात लष्करी तुकड्या धाडल्या. तडजोड झाली, मोडली, पुन्हा संप झाला, आणि १९१२ पर्यंत ते प्रकरण रखडत राहिले. त्या लढ्यात पुढे आलेली एक मुलगी तेव्हा जेमतेम सोळा-सतरा वर्षांची होती आणि तिचे नाव पर्ल, म्हणजे मोती, पर्ल मॅकगिल. शिंपल्याच्या, म्हणजे तिकडच्या भाषेत मोत्याच्या, बटणांच्या कारखान्यात मोती नावाच्या मुलीने भाषणे करावीत, हे कोणी कथेत लिहिले असते तर आपण ते ओढूनताणून आणलेले म्हटले असते.

बोपलचा शेवटही तसाच. यंत्रांच्या स्पर्धेत तो हाताने काम करणारा कारागीर मागे पडला, आपल्याच धंद्याबाहेर फेकला गेला आणि अखेरीस फेअरपोर्टच्या केंद्रात शिंपल्यांचा जाणकार म्हणून नोकरीला लागला. नदीत पाहणी करताना शिंपल्यावर पाय पडून जखम झाली, ती चिघळली आणि १९१२ मध्ये तो वारला. पायाला शिंपला लागूनच त्याने या धंद्याचा शोध लावला होता.

महालकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. वैनगंगाताई आणि हिशेबनीस या दोघांचे मिळून मला उत्तर मिळाले: मस्कटीनची नदी १९०० च्या आसपासच रिकामी होऊ लागली, पण मस्कटीनचा धंदा त्यानंतरही अर्धे शतक इतरांच्या नद्यांवर चालला. मग प्लास्टिकने नेमके काय केले? आणि गाव पुढे कशावर जगले, हा माझा दुसरा प्रश्न अजून शिल्लक आहे. शिवाय एक भाबडा प्रश्न: माझ्या आजोबांच्या पुडीतली बटणे मस्कटीनची असू शकतील काय?

जुनी पाने

प्लास्टिकचे काम थोडक्यात सांगतो, कारण त्यात फारसे गूढ नाही. शिंपला प्रत्येक वेगळा असतो. जाडी वेगळी, रंग वेगळा, म्हणून निवड करायला माणसे लागतात. प्लास्टिकचे प्रत्येक बटण आधीच्यासारखेच निघते. त्यात घरोघरी कपडे धुण्याची यंत्रे आली, गरम पाणी आणि तीव्र साबण आले. त्यांत शिंपल्याच्या बटणाची चमक जाते आणि कधी ते चिरते. दुसऱ्या महायुद्धानंतर प्लास्टिकचा जोर वाढला आणि १९६० च्या दशकात मस्कटीनमधली शिंपल्याची कापणी थांबली. गंमत अशी की, तिथल्या काही कारखानदारांनी तीच बटणे बनवण्याची विद्या वापरून प्लास्टिकची बटणे काढायला सुरुवात केली. म्हणजे प्लास्टिकने शिंपल्याला मारले, परंतु मस्कटीनच्या बटणवाल्यांना सरसकट मारले नाही.

शिंपल्याचा धंदाही पुरता संपला नाही, फक्त त्याचे गिऱ्हाईक बदलले. जपानी लोक मोती वाढवताना कालवात जो लहान मणी रुजवतात, तो मिसिसिपीच्या खोऱ्यातील जाड शिंपल्यापासून कापलेला असे. त्याच्याभोवती चकाकीचा पातळ थर चढतो आणि मोती तयार होतो. आपल्या इतवारीच्या सराफ्यात संवर्धित जपानी मोत्यांचा जुना सर कोणी विकायला आणला, तर त्याच्या पोटात अमेरिकेतील एखाद्या नदीचा तुकडा असण्याचा संभव बराच आहे.

आणि गाव? गावात आज सुमारे चोवीस हजार लोक राहतात. टोमॅटो केचपसाठी प्रसिद्ध असलेल्या हाइन्झ कंपनीचा कारखाना तिथे १८९० च्या दशकापासून आहे, म्हणजे बटणांइतकाच जुना. आसपास भाजीपाला आणि खरबुजे पिकवणारी वालुकामय जमीन आहे, मक्यावर प्रक्रिया करणारे कारखाने आहेत, आणि १९४४ मध्ये स्थापन झालेली होन ही कार्यालयीन फर्निचर बनवणारी कंपनी तिथलीच. चीनचे शी जिनपिंग १९८५ मध्ये एका कृषी शिष्टमंडळातून मस्कटीनला आले होते आणि २०१२ मध्ये, अध्यक्ष होण्याच्या आधी, पुन्हा जुन्या ओळखींना भेटायला आले. बटणे मोठी झाली तेव्हाही गावाने आपली बाकीची कामे सोडली नव्हती. एम्प्रेस मिलशी तुलना मी करणार नाही, कारण गिरणीच्या भोंग्यावर घड्याळ लावणाऱ्या वस्तीची गोष्ट वेगळी आहे आणि ती इथे ओझरती उरकण्याजोगी नाही.

चंपारणचे जावई

मी मूळचा गोंदियाचा, सासर बिहारमधील पूर्व चंपारणचे, म्हणून शेवटच्या प्रश्नावर लिहितो. महालकर साहेब, आपली बटणे मस्कटीनची असतील तर आनंदच आहे, पण पूर्व चंपारणमधील मेहसी या लहान गावात गेल्या शतकापासून अगदी हाच धंदा चालत आलेला आहे. बुढी गंडक नदीतले शिंपले, तशीच नळीची करवत, तशाच चकत्या. तिकडे त्यांना सीपची बटणे म्हणतात. सासुरवाडीच्या अंगणात मी अशाच जाळीदार शिंपल्यांवर बसून चहा प्यायलो आहे. तिथेही आता प्लास्टिकमुळे आणि नदीत शिंपले कमी झाल्यामुळे काम मंदावले आहे.

बटण शिंपल्याचेच आहे की नाही, हे पाहण्याची सोपी खूण म्हणजे ते गालाला लावावे. शिंपला थंड लागतो, प्लास्टिक लागत नाही. नंतर भिंग घेऊन पाठ पाहा. शिंपल्याच्या बाहेरच्या सालीचा तपकिरी डाग राहिलेला असेल, तर ते नदीच्या शिंपल्याचे असण्याची शक्यता मोठी. मात्र मिसिसिपी की बुढी गंडक, हे केवळ बटणावरून मला तरी सांगता येणार नाही. पुडीचा कागद शिल्लक असेल तर आधी तो पाहावा.

महालकर

आपल्या सांगण्याप्रमाणे आज दुपारी पुडी उघडली. एकूण एकेचाळीस बटणे आहेत. सगळी थंड लागली. नऊ बटणांच्या पाठीवर तपकिरी डाग आहे, दोनांवर तो अर्धी पाठ व्यापतो. कागद म्हणजे एका जुन्या मराठी वर्तमानपत्राचा चतकोर आहे, त्यावर कापसाचे भाव आहेत आणि तारखेचा भाग फाटलेला आहे. आजोबांच्या हिशेबाच्या वह्या माझ्या चुलत भावाकडे उमरेडला आहेत. त्यांत बटणांची खरेदी लिहिलेली असेल, कारण ते दोऱ्याचे रीळही लिहून ठेवत. पुढच्या रविवारी जाऊन पाहतो आणि काही सापडले तर इथेच कळवतो.